पाण्याखालचा दिवा: बारा व्होल्ट येतात कुठून, ते आधी विचारा

जांबोटी-चोर्ला रस्त्याला लागलं की एकामागून एक फार्महाउस आणि होमस्टे लागतात, आणि बऱ्याच फलकांवर स्विमिंग पूलचं चित्र असतं. बेळगाव-खानापूरच काय, निपाणी-संकेश्वरकडेही शेतात घर बांधणाऱ्याला आता पूल हवा असतो. पूल आला की रात्री पाण्यातून वर येणारा तो निळा उजेडही हवाच. आम्ही शेतघरालगत पूल बांधून घेतला तेव्हा दिव्यांच्या कामात ठेकेदार, वायरमन, दुकानदार आणि हेस्कॉम (आपल्या भागाला वीज पुरवणारी कंपनी) यांच्यामध्ये उभं राहून जे समजलं, ते इथे क्रमाने मांडतोय.

मी इलेक्ट्रिशियन नाही, आणि हा लेख वाचून तुम्ही स्वतः वायर जोडायला जावं असंही नाही. काम परवाना असलेल्या माणसानेच करायचं. मालकाने काय मागायचं, कोणत्या दिवशी साइटवर हजर राहायचं आणि कुठे ठाम नाही म्हणायचं, एवढ्यापुरताच हा मजकूर आहे.

धोका नेमका कुठे आहे

आपल्या घरात २३० व्होल्टचा पुरवठा असतो. कोरड्या हाताला झटका बसला तर बहुतेक वेळा माणूस हात झटकून मोकळा होतो. पाण्यात तसं होत नाही. ओल्या अंगातून करंट सहज जातो. साधारण १० मिलिअँपियरच्या पुढे स्नायू आखडतात आणि हातपाय हलवता येत नाहीत. जमिनीवर एवढ्याने कदाचित जीव जाणार नाही, पण पाण्यात हातपाय थांबले की माणूस बुडतो. काठावरच्यांना वाटतं दम लागला असेल.

दुसरी गोष्ट नव्या मालकांच्या लक्षात येत नाही. दिवा छान लागत असतानाही पाण्यात करंट उतरत असू शकतो. घरातल्या बल्बबाबत ‘लागला म्हणजे झालं’ हे चालून जातं, इथे चालत नाही.

१. काँक्रीटच्या आधी, कागदावर अंतरं आखा

आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय विद्युत मानकांच्या मालिकेतला ७०२ हा भाग पूल आणि कारंज्यांच्या वायरिंगचा आहे. चांगले पूल कन्सल्टंट तोच धरून चालतात. त्यात पूलभोवतीची जागा तीन पट्ट्यांत विभागली आहे. पूलच्या आतला भाग म्हणजे शून्य पट्टा. काठापासून २ मीटरपर्यंत आणि उंचीने अडीच मीटरपर्यंत पहिला. त्यापुढचा दीड मीटर दुसरा. म्हणजे काठापासून साडेतीन मीटर मोजले की तुम्ही तिन्ही पट्ट्यांच्या बाहेर पडता.

आपल्या कामाचा नियम असा: पाण्याच्या आत फक्त १२ व्होल्टपर्यंतचा एसी किंवा ३० व्होल्टपर्यंतचा डीसी पुरवठा, तोही मुख्य लाइनपासून पूर्ण वेगळा केलेला. आणि तो तयार करणारा ट्रान्सफॉर्मर तिन्ही पट्ट्यांच्या बाहेर.

तर नकाशावर काठापासून साडेतीन मीटरची रेघ सगळीकडून काढून घ्या. ट्रान्सफॉर्मर, पॅनेल आणि २३० व्होल्टचे जोड रेघेच्या पलीकडे. पूलवरून किंवा शेजारून ओव्हरहेड लाइन जात असेल तर पूलची जागा बदला, त्यात दुसरा विचार नको.

पंपरूमचं मात्र जपून. पाइप कमी लागावा म्हणून ठेकेदार काठाला चिकटून खड्डा घेतात, त्यावर झाकण टाकतात आणि पंप, फिल्टर, ट्रान्सफॉर्मर सगळं त्यात बसवतात. अंतराचा नियम तिथेच मोडतो. वर आपल्याकडचा पाऊस. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला झड लागली की असा खड्डा विहिरीसारखा भरतो. पंप खड्ड्यात ठेवावाच लागला तर ठेवा, पण पॅनेल आणि ट्रान्सफॉर्मर जमिनीच्या वर, भिंतीवर, छातीच्या उंचीला. आणि त्याच खोलीत ॲसिडचे कॅन आणि क्लोरीनचे डबे ठेवू नका. त्यांच्या वाफेने तांब्याचे टर्मिनल हिरवे पडतात, स्क्रू खातात आणि जोड सैल होतात. रसायनांना वेगळी, हवेशीर जागा द्या.

२. सळईला तार: संधी एकदाच मिळते

सगळ्या कामात हीच पायरी अशी आहे की चुकली तर नंतर भरून काढता येत नाही. गवंडी आणि सेंटरिंगवाल्यांच्या घाईत ती सहज निसटते.

पूलच्या आरसीसीतलं स्टील, शिडी, हँडरेल, दिव्याचं धातूचं हाउसिंग, पंपाची बॉडी, लोखंडी पाइप, काठावरच्या शॉवरचा नळ, जवळचं लोखंडी कुंपण हे सगळं एकमेकांना तांब्याच्या तारेने जोडायचं असतं. याला बाँडिंग म्हणतात. आमच्या साइटवर याला अर्थिंगच म्हणत होते, पण दोन्हींचं काम वेगळं आहे. अर्थिंग करंटला जमिनीत जायला वाट देतं. बाँडिंगमुळे हात शिडीवर आणि अंग पाण्यात असताना या दोन्हींमध्ये व्होल्टेजचा फरक राहत नाही. फरक नसेल तर शरीरातून करंट वाहणार नाही.

तार किमान ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची हवी. आम्ही ६ ची घेतली, किमतीत फार फरक पडत नाही. सळईला नुसती बाइंडिंग वायर गुंडाळून चालत नाही. क्लँप किंवा वेल्डिंग करून पक्का जोड घ्यायचा आणि शिडी, हँडरेल, दिवा, पंपरूम अशा जागी तारेची टोकं बाहेर काढून ठेवायची. स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी स्वतः जाऊन प्रत्येक जोडाचा मोबाइलवर फोटो काढा, शेजारी टेप धरून. पुढे कधी शिडी बदलताना किंवा दिवा वाढवताना सळई नेमकी कुठे जोडली आहे हे त्या फोटोंशिवाय कोणाला सांगता येणार नाही.

३. दिवा निवडताना

जुन्या पूलमध्ये पार-५६ नावाचे मोठे गोल दिवे असत, त्यांत ३०० वॅटचा हॅलोजन. १२ व्होल्टवर तो २५ अँपियर ओढतो. आता त्याच मापात १८ ते ३५ वॅटचे एलईडी मिळतात. नवं काम असेल तर हॅलोजनचा विचारच करू नका.

खोक्यावर आयपी ६८ लिहिलेलं असेल. त्याचा अर्थ कंपनीने सांगितलेल्या खोलीवर पाणी आत शिरणार नाही, एवढाच. विजेच्या सुरक्षेबद्दल ते काही सांगत नाही. २३० व्होल्टचे दिवेही आयपी ६८ असतात आणि ऑनलाइन बिनधास्त विकले जातात. ‘स्वस्त पडतं, ट्रान्सफॉर्मरची कटकट नाही’ म्हणून कोणी ते सुचवलं तर तो माणूस बदला. खोक्यापेक्षा दिव्याच्या मागे कोरलेला मजकूर वाचा: १२ व्होल्ट एसी की डीसी, किती वॅट, आणि पूलच्या दिव्यांचं आयईसी ६०५९८-२-१८ हे मानक लिहिलंय का. एसीचा दिवा डीसीवर किंवा उलट लावला की तो लुकलुकतो किंवा लवकर जातो. मग वायरमन हाताला येईल तो पुरवठा लावून बघतो, आणि घोळ तिथून सुरू होतो.

दिवा भिंतीतल्या खोबणीत बसणारा घ्यायचा की वर चिकटणारा रेझिन भरलेला, हा बराचसा आवडीचा भाग. माझं मत विचाराल तर रेझिनवाला. उघडायला काही नसतं, त्यामुळे नीट न बसवलेली गास्केटही नसते. खोबणीतला घेतलात तर आत केबलचं दोन-तीन वेढे जादा वेटोळं ठेवायला लावा. पुढे पूल रिकामा न करता दिवा काठावर घेता आला पाहिजे.

एलईडी दिवा पाण्यामुळे थंड राहतो. कोरड्या पूलमध्ये ‘कसा दिसतो बघू’ म्हणून तो लावून ठेवू नका, सील आणि एलईडी दोन्ही तापतात. चाचणी काही सेकंदांतच आटोपा.

४. ट्रान्सफॉर्मर: सगळा खेळ इथे

कोटेशनमध्ये लिहिलेलं असतं: १२ व्होल्ट एलईडी दिवा, ड्रायव्हरसह. ड्रायव्हर म्हणजे २३० चे बारा व्होल्ट करणारं खोकं. या ‘ड्रायव्हरसह’वर मालक कधी बोट ठेवत नाही. ‘काय होतंय हो, बाराच व्होल्ट की!’ असं ठेकेदार म्हणतो आणि विषय संपतो. पण पाण्यात उतरणाऱ्या माणसाचा जीव दिव्यापेक्षा या खोक्यावर अवलंबून आहे. बारा व्होल्ट तयार करण्याचे किमान चार प्रकार बाजारात दिसतात आणि त्यांतले तीन पूलसाठी नकोत.

पहिला, ऑटोट्रान्सफॉर्मर. यात एकच वाइंडिंग, म्हणजे तारेचं वेटोळं, असतं, म्हणून बाहेर येणाऱ्या दोन तारांपैकी एक थेट मुख्य लाइनचीच असते. मीटर लावला तर दोन तारांमध्ये १२ व्होल्ट दिसतील आणि दिवाही नीट लागेल. पण लाइनचे फेज आणि न्यूट्रल उलटे झाले असतील तर त्या दोन्ही तारा जमिनीच्या तुलनेत २०० व्होल्टच्या वर असतात. पाणी आणि माणूस जमिनीशी जोडलेले आहेत, हे विसरू नका. जुन्या घरांत फेज-न्यूट्रल उलटे असणं ही काही नवलाची गोष्ट नाही.

दुसरा, एलईडी पट्ट्यांसाठी मिळणारा जाळीच्या पत्र्याचा एसएमपीएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लाय. दुकानात विचारलं की काउंटरवर आधी हाच येतो. फॉल्स सीलिंगसाठी ठीक आहे, पण आत २३० आणि १२ यांच्यामध्ये किती अंतर, कसलं इन्सुलेशन, याचा भरवसा नाही. दमट पंपरूममध्ये तर नाहीच.

तिसरा खास आपल्याकडचा: मोटर भरणाऱ्याकडून बनवून घेतलेला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुठलीही जळालेली मोटर भरून मिळते आणि त्या हातांबद्दल मला आदरच आहे. पण इथे दोन वाइंडिंगच्या मध्ये दुहेरी किंवा मजबूत इन्सुलेशन आणि त्याची हाय व्होल्टेज चाचणी लागते. एकाच बॉबिनवर कागदाचा थर देऊन दोन्ही वाइंडिंग गुंडाळली तर ट्रान्सफॉर्मर ज्या दिवशी तापून जळेल, त्या दिवशी २३० व्होल्ट सरळ पाण्यात जातील.

चौथा, जो हवा तो: सेफ्टी आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मर. त्याच्या पाटीवर आयईसी ६१५५८-२-६ असतं. इलेक्ट्रॉनिक प्रकारचा घ्यायचा असेल तर त्याच मालिकेतला ६१५५८-२-१६, आणि बाहेर येणारा पुरवठा सेल्व्ह असल्याचा स्पष्ट उल्लेख. सेल्व्ह म्हणजे मुख्य लाइनपासून आणि जमिनीपासूनही अलग ठेवलेला अतिकमी व्होल्टेजचा पुरवठा. कोटेशनमध्ये हा आकडा लिहून घ्या. नुसतं चांगल्या कंपनीचा म्हणून भागत नाही.

बसवताना तीन गोष्टी बघा.

१२ व्होल्टच्या बाजूच्या कोणत्याही तारेला अर्थिंग करायचं नाही. वायरमनला सवयीने करावंसं वाटतं, ‘सेफ्टीसाठी.’ ते केलं की अलगपणाच संपतो. तो पुरवठा कोणाशीच जोडलेला नाही, हीच त्याची सुरक्षा.

१२ व्होल्टच्या तारा आणि २३० च्या तारा एकाच पाइपातून नेऊ नका. पंपरूम ते पूल हा पाइप वेगळा.

आणि १२ व्होल्टच्या बाजूला प्रत्येक दिव्याला त्याच्या करंटनुसार फ्यूज. लांब केबलच्या टोकाला शॉर्ट झालं तर आधीच्या, २३० च्या बाजूच्या एमसीबीला (भार जास्त झाला की पडणारा स्विच) ते कळेलच असं नाही, आणि केबल पाइपातच तापत राहते. ट्रान्सफॉर्मरची क्षमता सगळ्या दिव्यांच्या बेरजेपेक्षा पावपट तरी जास्त घ्या.

५. केबल आणि जोड

कमी व्होल्टेजवर अंतराचा त्रास होतो. १८ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर दीड अँपियर घेतो. ट्रान्सफॉर्मरपासून दिवा २५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ५० मीटर तार. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याला एवढ्या लांबीत साधारण ०.३७ ओहम रोध असतो, म्हणजे अर्ध्या व्होल्टच्या आसपास घट. चालेल. पण त्याच केबलवरून तीन दिवे पुढे-पुढे जोडले तर करंट साडेचार अँपियर आणि घट दीड व्होल्टच्या वर. शेवटचा दिवा मलूल दिसतो.

इथेच सापळा आहे. दिवा मंद दिसला की ठेकेदाराचा सोपा उपाय म्हणजे ट्रान्सफॉर्मर उचलून पूलजवळ आणणं, कधी तर थेट काठावरच्या चेंबरमध्ये. हे अजिबात होऊ देऊ नका. प्रत्येक दिव्याला वेगळी केबल ओढा, किंवा ४ अथवा ६ चौरस मिलिमीटरची जाड केबल घ्या.

केबल पाण्यात राहणारी, रबरी आवरणाची आणि कंपनीने दिव्याला जोडून दिलेली असावी. पाण्याखाली जोड नको म्हणजे नको, टेप लावूनही नको आणि ‘वॉटरप्रूफ’ म्हणून मिळणाऱ्या टोपीनेही नको. दिव्यापासून निघालेली केबल सलग वर येऊन पाण्याच्या पातळीच्या वरच्या जंक्शन बॉक्समध्येच उघडली पाहिजे, आणि तिथे ग्लँड (केबलभोवती आवळायची पाणीबंद कडी) नीट आवळलेली हवी. केबलच्या आतल्या बारीक तारांमधून पाणी केशाकर्षणाने वर चढतं, म्हणून बॉक्समधले जोड रेझिनने भरून घेतात. बॉक्सच्या तळाशी ओल दिसू लागली तर खाली दिव्याच्या सीलमध्ये बिघाड आहे असं धरा.

६. ट्रिपर, अर्थिंग आणि इन्व्हर्टर

एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही. १६ अँपियरच्या एमसीबीला तुमच्या अंगातून जाणारा अर्धा अँपियर दिसतही नाही. माणसासाठी करंटची गळती दिसताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी लागतो, ज्याला दुकानात ट्रिपर किंवा ईएलसीबी म्हणतात. तो घेताना आकडा वाचा. ३० मिलिअँपियरचा हवा. १०० आणि ३०० चेही तसेच दिसतात, आणि ‘सारखं ट्रिप होत नाही’ म्हणून तेच गळ्यात मारले जातात.

मग ३० चा ट्रिपर आहे तर ट्रान्सफॉर्मरचा एवढा आग्रह कशाला, असा प्रश्न येतो. ट्रिपर बघतो तो आधीच्या, म्हणजे २३० च्या बाजूला. आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे काय चाललंय ते त्याला कळत नाही. तो पंपासाठी, पंपरूमच्या प्लगसाठी आणि ट्रान्सफॉर्मरच्या आधीच्या वायरिंगसाठी. दोन्ही हवेत, एक दुसऱ्याची जागा घेत नाही.

अर्थिंगचं आपल्या भागात मातीप्रमाणे बदलतं. खानापूरच्या जांभ्यात पाणी लगेच खाली झिरपतं आणि एप्रिल-मेमध्ये खड्डा ठणठणीत कोरडा पडतो. अथणी-रायबागकडच्या काळ्या जमिनीत ओल टिकते, पण उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पाइपापासून सुटते. दोन्हीकडे पावसाळ्यात अर्थिंगचा रोध मोजला तर आकडा छान येतो. म्हणून मोजणी मे महिन्यात करा. पाइप इलेक्ट्रोड, म्हणजे अर्थिंगसाठी जमिनीत पुरायचा पाइप, किमान ४० मिलिमीटर व्यासाचा आणि अडीच मीटर लांब हवा, हे अर्थिंगच्या आयएस ३०४३ या भारतीय मानकातच आहे. फूटभर रॉड ठोकून वर सिमेंटचं झाकण ठेवलेलं अर्थिंग मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. खड्डा खणतानाच उभे राहा.

लोडशेडिंगमुळे पूलचे दिवे इन्व्हर्टरवर किंवा जनरेटरवर घ्यायचा मोह होतो. लाइन गेल्यावर त्यांच्या न्यूट्रलचा जमिनीशी जोड उरला नाही, तर पहिल्या गळतीला करंटला परतायला वाट नसते आणि ट्रिपर गप्प राहतो. बटण दाबलं तर ट्रिप होतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. वायरमनला थेट विचारा: बॅकअपवर असताना न्यूट्रल कुठे अर्थ होतो? उत्तर पटलं नाही तर पंप आणि पूलचे दिवे बॅकअपवरून काढा. लाइट गेल्यावर अंधारात पोहायचंही नसतं.

अजून एक, दिव्यांशी थेट संबंध नसलेलं. पूलकाठी हळद करायची टूम आली आहे. त्यासाठी एक्स्टेन्शन बोर्ड, माळा, स्पीकर, सगळं पाण्यापासून हातभर अंतरावर येतं. तुमचे पाण्यातले दिवे कितीही उत्तम असोत, ती एक वायर पाण्यात पडली की संपलं. बुकिंग घेतानाच डेकोरेशनवाल्याला सांगा, काठापासून साडेतीन मीटरच्या आत एकही वायर नको.

७. हेस्कॉम आणि कागदपत्रं

फार्महाउसला शेतीपंपाचं कनेक्शन आधीच असतं आणि १० एचपीपर्यंत ते फुकट असतं. त्यावर पूलचा पंप चालवायची कल्पना कोणीतरी देतंच. मंजूर कारणाशिवाय दुसऱ्या कामाला वीज वापरली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली आकारणी होते. ते सोडलं तरी शेतीच्या लाइनचा पुरवठा मोजक्या तासांचा असतो, पूलला त्याचा उपयोग नाही.

घराच्या कनेक्शनवर भार वाढवून घ्या. पाहुण्यांकडून पैसे घेणार असाल तर कनेक्शन कोणत्या वर्गात बसतं, ते हेस्कॉमच्या उपविभागात आधीच विचारा. हाताशी ठेवायचे कागद:

- शेवटचं बिल. त्यावरचा आर.आर. नंबर (कनेक्शनचा क्रमांक) आणि मंजूर भार
- जागेचा उतारा आणि मालकाचं ओळखपत्र
- पंप, दिवे, ब्लोअर असेल तर तो, सगळ्यांच्या वॅटची बेरीज
- वायरिंगचा नकाशा आणि कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट
- कंत्राटदाराच्या परवान्याची प्रत, मुदत बघून

शेवटच्या ओळीत सीमाभागाची खास अडचण आहे. पूलचे ठेकेदार बऱ्याचदा कोल्हापूर, पुणे किंवा गोव्याकडून येतात, त्यांचा वायरमन तिकडचाच. काम तो करेल, पण हेस्कॉमच्या कागदावर सही कर्नाटकच्या परवान्याच्या कंत्राटदाराची लागते. मग शेवटी इथला कोणीतरी गाठून, त्याने न पाहिलेल्या कामावर सही घेतली जाते. असं करू नका. इथल्या परवान्याचा कंत्राटदार पहिल्या दिवसापासून नेमा, सळईच्या जोडाच्या दिवशीही त्याला बोलवा. ज्याची सही, त्याचीच नजर कामावर.

८. पाणी भरण्याआधी मोजून घ्या

साधनं कंत्राटदाराची: मल्टिमीटर, मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र), आरसीसीबी टेस्टर, अर्थ टेस्टर. तुमच्याकडे वही आणि पेन. आकडा तो सांगेल, तुम्ही लिहायचा आणि खाली त्याची सही घ्यायची.

बाँडिंगचा सलगपणा आधी: शिडीपासून पंपाच्या बॉडीपर्यंत, हँडरेलपासून सळईच्या टोकापर्यंत. रोध ओहमच्या अंशात यायला हवा.

मग इन्सुलेशन. १२ व्होल्टच्या बाजूला २५० व्होल्टच्या मेगरने किमान अर्धा मेगाओहम, २३० च्या बाजूला ५०० व्होल्टने किमान एक मेगाओहम. इलेक्ट्रॉनिक ड्रायव्हर आणि दिवे आधी सोडवून, नाहीतर मेगरनेच ते जातील. पुरवठा पूर्ण तोडून ट्रान्सफॉर्मरच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या टर्मिनलमध्ये मल्टिमीटर धरायला लावा. बीप वाजला तर ट्रान्सफॉर्मर परत. बीप वाजला नाही म्हणून लगेच पास करू नका, तिथेही मेगर हवा.

ट्रिपर टेस्टरवर ३० मिलिअँपियरला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडला पाहिजे.

पूल भरल्यावर दुसऱ्या दिवशी १२ व्होल्टच्या बाजूचं इन्सुलेशन पुन्हा मोजा. सील गळत असेल तर ते तेव्हा कळतं. कोणी खिशातला टेस्टर पाण्यात बुडवून ‘बघा, लागत नाही’ म्हणाला तर त्याला बाजूला करा. त्या निऑनने काहीच सिद्ध होत नाही, आणि करंट असलाच तर पहिला तोच सापडेल.

९. वापर सुरू झाल्यावर

महिन्यातून एकदा ट्रिपरचं टी लिहिलेलं बटण दाबा. पडला नाही तर त्याच दिवशी बदला. पावसाळ्याआधी आणि नंतर जंक्शन बॉक्स उघडून बघा. दिव्याच्या काचेत पाणी किंवा धुकं दिसलं तर तो दिवा बंद. ट्रिपर वारंवार पडत असेल तर पुन्हा-पुन्हा वर करू नका, आणि वायरमनला ‘थोडे दिवस बायपास कर’ असं तर कधीच सांगू नका. वळीव गडगडायला लागला की सगळ्यांना बाहेर काढायचं.

पूलचा मुख्य स्विच कुठे आहे ते काठावरून दिसेल अशी पाटी लावा, मराठी आणि कन्नड दोन्हींत. पूल बघणारा गडी कोणतीही भाषा वाचणारा असू शकतो.

पाण्यातल्या कोणी झिणझिण्या येतात म्हटलं तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याला शिडीला हात न लावता दूरच्या काठाकडे यायला सांगा, आणि दुसऱ्याने धावत मुख्य स्विच पाडायचा. कोणी पाण्यात निपचित दिसला तर मागोमाग उडी टाकू नका, वाचवायला गेलेलाही सापडतो. आधी स्विच, मग कोरडी दोरी किंवा फायबरचा दांडा. बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर तोंडाने श्वास आणि छातीवर दाब लगेच सुरू करा. दुसऱ्याने १०८ किंवा ११२ लावायचा. हेस्कॉमचा १९१२ त्यानंतर.

आधीच बांधलेला पूल घेतला असेल तर

जागा पूलसकट विकत किंवा भाड्याने घेतली असेल तर आधीच्या मालकाच्या शब्दावर राहू नका. पंपरूममध्ये पूलच्या दिव्यांची तार कुठून निघते ते शोधा. ती थेट एमसीबीतून निघत असेल, मध्ये काहीच खोकं नसेल, तर दिवे २३० व्होल्टचे आहेत असं समजा. खोकं असेल पण त्यावर पाटी नसेल, तरी तसंच समजा. त्या एमसीबीखालच्या तारा वायरमनकडून सोडवून टोकं बंद करून घ्या, आणि दिवे व ट्रान्सफॉर्मर बदलेपर्यंत पूल सूर्यास्ताला बंद ठेवा. सळई जोडली आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. शिडी आणि पंप यांच्यातला रोध मोजून निदान त्या दोघांचा तरी अंदाज येतो. तो जास्त आला तर कंत्राटदाराला दाखवल्याशिवाय दिवसाही कोणाला पाण्यात उतरवू नका.